बातमीची सनद

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात एक चित्रफीत या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरली. ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाचे आवार, अंधार पडलेला, बाहेर एक माणूस. अंधारातून वाघ येतो आणि त्या माणसाला ओढून नेतो. चित्र सीसीटीव्ही कॅमेऱ्याचे असावे असे दिसत होते, तारीख आणि वेळही त्यावर उमटलेली होती. बघता बघता ती जिल्ह्याबाहेर, राज्याबाहेर गेली. शेवटी वन विभागाला जाहीर करावे लागले की, अशी कोणतीही घटना घडलेली नाही आणि ही चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली आहे. त्याच सुमारास पेंचच्या नावाने दुसरी एक चित्रफीत गाजली. दारूच्या नशेतला माणूस रस्त्यावर वाघाला कुरवाळतो, असे तिच्यात होते. तीही यंत्राचीच करामत निघाली.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला यात गंमत वाटेल. आमच्या भागात वाघाची बातमी गंमत म्हणून कोणी वाचत नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात कामावरून परतणाऱ्या कामगाराला वाघाने मारले. भद्रावती ताडोबाच्या मोहर्ली दाराजवळचे गाव. आयुध निर्माणीच्या झुडपांतून, कोळसा खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांमागून वाघ-बिबटे दिसणे इथे नवलाचे नाही. रात्रपाळीला सायकलने निघालेल्या माणसासाठी, पहाटे मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईसाठी 'कुठल्या रस्त्यावर वाघ दिसला' ही त्या दिवसाची सर्वांत मोठी बातमी असते.

म्हणूनच चित्रफीत खोटी निघाली एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. खोट्या बातमीचे पहिले नुकसान लोक घाबरतात हे. दुसरे त्याहून वाईट. काही दिवसांनी गावाजवळ खरोखरच वाघाचे पगमार्क दिसले तेव्हा मी वर्गात मुलांना सांजेला एकटे न फिरण्याविषयी सांगत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, वो भी एआय होगा." सगळा वर्ग हसला. खोटे खरे वाटू लागले याची आपण चर्चा करतो; खरे खोटे वाटू लागणे याची चर्चा कमी होते आणि जंगलाच्या काठावर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

या निमित्ताने मला पत्रकारितेच्या इतिहासाकडे वळावेसे वाटले. नवे तंत्र आले की बातमीवरचा विश्वास डळमळतो, ही तक्रार आजची नाही. शिळाछाप आला, तार आली, संगणक आला. प्रत्येक वेळी जुन्या माणसांनी माना हलवल्या. तरी बातमीवरचा विश्वास टिकला. तो कशाच्या आधारावर टिकला आणि तो आधार या नव्या यंत्रापुढे उरतो का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचला की 'सनद' हा शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. पैगंबरसाहेबांच्या निधनानंतरच्या दोन शतकांत त्यांच्या नावावर असंख्य वचने खपवली गेली. कोणी गादीच्या राजकारणासाठी, कोणी पंथाच्या अभिमानापोटी, कोणी नुसता बाजारात गर्दी जमवण्यासाठी. त्यातून हदीसच्या विद्वानांनी एक शास्त्र उभे केले. वचनाचे दोन भाग: मत्न म्हणजे मजकूर आणि सनद म्हणजे तो मजकूर कोणी कोणाकडून ऐकला त्याची साखळी. साखळीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी व्हायची. तो कुठे राहत होता, कोणत्या साली वारला, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो कधी भेटला तरी होता का, म्हातारपणी त्याची स्मरणशक्ती कशी होती, देण्याघेण्यात तो सचोटीचा होता का. हजारो राव्यांच्या चरित्रांचे कोश तयार झाले. त्या विद्येला 'अस्मा-उर-रिजाल' म्हणतात. इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) आणि इमाम मुस्लिम (मृत्यू इ. स. ८७५) यांचे संग्रह याच चाळणीतून निघालेले आहेत.

यातले काही पारिभाषिक शब्द आज वाचताना आपण मोबाईलविषयीच वाचतो आहोत असे वाटते. ज्याची ओळखच पटत नाही असा रावी 'मजहूल'. मजकूर कितीही सुंदर असो, राव्याचा पत्ता नसेल तर सनद कमजोर. साखळीतली एखादी कडी गळाली असेल तर ती 'मुन्कते'. आपण ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव झाकून वरच्या मोठ्या माणसाचे नाव पुढे करणे म्हणजे 'तदलीस'. आणि कोणाकडूनही न ऐकता, कुठेतरी लिहिलेले सापडले म्हणून पुढे सांगणे म्हणजे 'विजादा'. ज्ञान मिळवण्याच्या मार्गांत याचा दर्जा सर्वांत खालचा. "जैसा आया वैसा भेज रहा हूँ" असे लिहून पहाटे जो मजकूर आपल्या गटांवर येतो, त्याला एका शब्दात विजादा म्हणता येईल, तोही मजहूल माणसाचा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बनावट वचने रचणाऱ्यांत दुष्ट माणसेच होती असे नाही. लोकांनी कुरआन अधिक वाचावा, नेक वागावे या सद्हेतूने वचने रचणारे धार्मिक लोकही होते. विद्वानांनी त्यांना सूट दिली नाही. उलट त्यांच्यापासून अधिक सावध राहा असे सांगितले, कारण चांगल्या माणसावर लोक चटकन विश्वास ठेवतात. या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

अर्थात सनदीलाही मर्यादा होती. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिताना इतिहासकारांना झापले ते याच कारणासाठी. सांगणारा विश्वासू आहे म्हणून अशक्य गोष्टही लिहून ठेवायची काय? लाखोंच्या सैन्याच्या कथा सांगताना एवढे सैन्य त्या भूमीत उभे तरी राहू शकेल का, हे पाहायला नको काय? म्हणजे माणूसही तपासा आणि मजकूरही तपासा. आजच्या वृत्तपत्राच्या कचेरीत चांगला उपसंपादक नेमके हेच दोन प्रश्न विचारतो, त्याने इब्न खल्दूनचे नाव ऐकलेले असो वा नसो.

आता छापखान्याकडे येऊ. उर्दूतले पहिले वृत्तपत्र 'जाम-ए-जहाँनुमा' २७ मार्च १८२२ रोजी कलकत्त्यात निघाले. ते काढणारे हरिहर दत्त आणि संपादक सदासुखलाल होते, हे उर्दूला एका धर्माची भाषा समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी. दोन्ही भाषांची वाट मात्र तंत्राने वेगळी केली. नागरी अक्षरे सुटी सुटी, म्हणून ती शिशाच्या खिळ्यांत लवकर बसली. नस्तालिकचे तसे नाही. तिथे अक्षर तिरपे उतरते, शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते. म्हणून उर्दूने शिळाछाप धरला. कातिब खास शाईने कागदावर मजकूर लिहायचा, तो कागद दगडावर उलटा उमटवला जायचा आणि दगडावरून प्रती निघायच्या. उर्दू वाचकासाठी दीडशे वर्षे बातमी म्हणजे कोणाच्या तरी हाताचे लिखाण होते. खुशनवीसाचे वळण ओळखणारे वाचक होते.

दिल्लीचे मौलवी मुहम्मद बाकर यांचे 'दिल्ली उर्दू अखबार' असेच शिळाछापावर निघायचे. १८५७ च्या उठावात त्यांनी आपल्या पत्राचे नाव बदलून 'अखबार-उज़-ज़फर' केले, बंडवाल्यांची बाजू घेतली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली पडल्यावर इंग्रजांनी त्यांना ठार मारले. त्या धामधुमीत त्यांच्या पत्रात कानोकानी आलेल्या बातम्याही छापल्या गेल्या. पण पत्रावर त्यांचे नाव होते आणि त्या नावाची किंमत त्यांनी मोजली.

इंग्रजांनी १८५७ चा धडा घेऊन १८६७ मध्ये छापखाने व पुस्तक नोंदणीचा कायदा केला. हेतू नजर ठेवण्याचा होता, यात शंका नाही. परंतु त्या कायद्याने एक गोष्ट नकळत दिली: प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक, प्रकाशक आणि छापण्याचे ठिकाण छापणे बंधनकारक झाले. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाईपात येणारी ती ओळ आपण कधी वाचत नाही. 'हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक मुद्रणालयात छापून...' छाप्याच्या युगातली हीच सनद. (त्याच्याच खाली 'प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही' असेही असते. म्हणजे एका ओळीत जबाबदारी घ्यायची आणि दुसऱ्या ओळीत झटकायची. पण न्यायालय पहिली ओळ वाचते.) १८६७ चा हा कायदा दीडशेहून अधिक वर्षे टिकला, १ मार्च २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली.

ती ओळ किती महाग पडू शकते हे मराठी पत्रकारितेने अगदी बाल्यावस्थेत पाहिले. 'केसरी' आणि 'मराठा' जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात सुरू झाले. कोल्हापूर संस्थानात तरुण छत्रपती शिवाजी महाराजांचा छळ होत आहे, त्यांना वेडे ठरवले जात आहे, अशी बोलवा होती आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर लोकांचा रोष होता. बर्व्यांच्या कारस्थानाचा पुरावा म्हणून काही पत्रे या तरुण संपादकांपर्यंत पोचली. त्यांनी ती खरी मानली आणि त्यांच्या आधारे लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. आगरकर आणि टिळक दोघेही तेव्हा सव्विशीच्या घरातले. त्यांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले.

हे प्रकरण मला आजच्या चर्चेत सर्वांत उपयोगाचे वाटते, कारण यात सगळे आहे. बनावट दस्तऐवज आहे. तो खरा वाटावा अशी परिस्थिती आहे; छत्रपतींची हालत खरोखरच वाईट होती, पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे संशय पोकळ नव्हता, पुरावा खोटा होता. सद्हेतू आहे, तरुणांची घाई आहे. आणि विशेष हे की या चुकीने 'केसरी'ची पत गेली नाही. जामिनासाठी जोतीराव फुले यांनी खटपट केली, ज्यांचे टिळकांशी विचाराने कधी जमले नाही. सुटून आल्यावर लोकांनी सत्कार केले, खप वाढला. खोटी पत्रे छापणाऱ्या पत्रावर लोकांचा विश्वास वाढावा, हे कोडे नाही काय? लोकांनी पाहिले ते एवढेच की छापणारा पळाला नाही. पत्रे कोणी बनवली ते बाजूला राहिले. त्यांच्याखाली ज्याने आपले नाव छापले तो तुरुंगात गेला.

१९०८ सालची दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. अलीगढला मौलाना हसरत मोहानी 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढत. त्यात मिसरमधील इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणावर एक निनावी लेख आला. राजद्रोहाचा खटला झाला. लेखकाचे नाव सांगितले असते तर हसरत सुटू शकले असते. त्यांनी नाव सांगितले नाही, जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तुरुंगात चक्की पिसली. त्याच वर्षी मुंबईत टिळकांना 'केसरी'तल्या लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले गेले. हसरत टिळकांना आपला राजकीय गुरू मानत, १९०७ च्या सुरतेनंतर ते टिळकांच्या बाजूने काँग्रेसबाहेर पडले होते. मराठी आणि उर्दू पत्रकारितेचे हे नाते आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच येत नाही, मी शिकवतो त्या पुस्तकांतही नाही. निनावी लेख छापण्याची परंपरा जुनी आहे, पण निनावी लेखामागे संपादक उभा असे. आजच्या निनावी मजकुरात आणि त्यात हा फरक आहे.

या चित्राला दुसरी बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. नाव छापलेले असले म्हणजे सगळ्यांना न्याय मिळतो असे नाही. डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले तेव्हा त्याची पैसे घेऊन जाहिरात छापायलाही 'केसरी'ने नकार दिला होता. ज्यांच्याविषयी बातमी लिहिली जाते त्यांना ती लिहिण्यात वाटा नसेल तर त्यांचा विश्वास बसणार कसा? हा अनुभव दलितांचा आहे तसाच मुसलमानांचाही आहे. २०२० च्या कोविडकाळात तबलीगी जमातीच्या नावाने जे छापले आणि दाखवले गेले ते आपण विसरलेलो नाही. त्याखाली नावे होती, चेहरे होते, मोठमोठ्या वाहिन्या होत्या. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींविरुद्धचे गुन्हे रद्द करताना, या लोकांना बळीचा बकरा करण्यात आले आणि छापील व दूरचित्रवाणी माध्यमांनी मोठा अपप्रचार केला, असे स्पष्टपणे नोंदवले. तरीही पाहा, तिथे न्यायालयाला बोट दाखवता आले. माध्यमे कोणती, बातमी कोणाची, हे ठाऊक होते.

तंत्राचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मौलाना आझादांनी १३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढले ते शिळाछाप सोडून खिळ्यांच्या टाईपात, छायाचित्रांसह. त्या काळी हे मोठे धाडस होते. पण उर्दू वाचकाचे मन नस्तालिकवर होते आणि बाकी पत्रे कातिबाकडेच राहिली. मुंबईत १९३८ मध्ये अब्दुल हमीद अन्सारी यांनी 'इन्किलाब' सुरू केले तेही कातिबांच्या जोरावर. मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरजोड्यांचे हजारो साचे हाताने लिहून 'नूरी नस्तालिक' संगणकावर बसवले आणि १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' त्यात निघाले. १९९४ च्या सुमारास 'इनपेज' आले आणि पाहता पाहता कातिब कचेरीतून बाहेर पडले. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मशिदींवरचे फलक यांवर त्यांनी पुढचे दिवस काढले. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ चे दैनिक हाताने लिहून निघत राहिले म्हणून जगभर कौतुकाचा विषय झाले. रोजी बुडालेल्या कातिबांचे दुःख खरे आहे आणि त्यावर कोणीतरी सविस्तर लिहायला हवे. परंतु कातिब गेला म्हणून बातमीवरचा विश्वास गेला नाही. त्याने अक्षर लिहिले होते, बातमी दुसऱ्याच कोणी आणली होती, आणि तो दुसरा माणूस जागेवर होता.

साखळी पहिल्यांदा तुटली ती मोबाईलवर, कृत्रिम बुद्धिमत्तेच्याही आधी. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते. त्या काळात देशभर फिरणाऱ्या अफवांत मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारी एक चित्रफीत होती. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती; शेवटी मूल परत आणून देतात आणि संदेश दाखवतात, तेवढा भाग कोणीतरी कापला होता. म्हणजे यंत्राने काही बनवलेच नव्हते, फक्त सनद कापली होती. त्याच दिवशी मालेगावात, आपल्याच वस्तीत, एका कुटुंबावर लहान मुलासह जमाव चालून गेला. काही रहिवासी आणि पोलीस मध्ये पडले म्हणून ते वाचले. अफवेचे बळी आपण असतो हे खरे. अफवेचे वाहकही आपणच असतो हे मालेगावने दाखवले.

यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि मजकूर, चित्र, आवाज सगळेच बनवता येऊ लागले. २०२३ मध्ये 'आज तक'ने 'सना' आणि ओडिशाच्या एका वाहिनीने 'लिसा' नावाची यांत्रिक वृत्तनिवेदिका पडद्यावर आणली. मला त्यात फारसा धोका दिसला नाही. निवेदक पूर्वीही दुसऱ्याने लिहिलेलेच वाचत असे. धोका दिसला तो १९ नोव्हेंबर २०२४ ला. महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातील म्हणून काही ध्वनिफिती पसरवल्या गेल्या. दोघांनी त्या नाकारल्या, तथ्य तपासणाऱ्या 'बूम'ने तपासून बहुतेक फिती यंत्रनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला. पण तोवर मतदान सुरू झाले होते. आणि सुळे यांच्याच घराण्यातल्या, परंतु विरुद्ध आघाडीतल्या ज्येष्ठ नेत्याने आवाज आपल्याला ओळखू येतो असे सांगितले होते. जुने रावी 'मी स्वतः ऐकले' असे म्हणत तेव्हा तो सर्वांत भक्कम पुरावा असे. आता कानाने ऐकलेलेही विजादाच्या दर्जाला उतरले.

यंत्र खोटे बोलते ते दुष्टपणाने नव्हे. त्याला माहीत नसले तरी ते गप्प बसत नाही, आणि त्याचे बोलणे मोठे सफाईदार असते. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील 'शिकागो सन-टाइम्स'ने उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापली. पंधरा पुस्तकांपैकी दहा अस्तित्वातच नव्हती. नामांकित लेखकांच्या नावावर यंत्राने पुस्तके रचली होती. बाहेरून पुरवला गेलेला मजकूर कोणी न वाचता छापला. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपीय प्रसारण संघ आणि बीबीसी यांनी १८ देशांतल्या २२ सार्वजनिक माध्यमांच्या मदतीने पाहणी केली, तेव्हा बातम्यांविषयी यंत्रांनी दिलेल्या ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष सापडला. आणि त्या दोषांत सर्वांत मोठा वाटा होता स्रोताविषयीच्या चुकांचा: स्रोत नसणे, चुकीचा असणे. हदीसचा विद्यार्थी याला तदलीस म्हणेल.

आता तो मघाचा मुद्दा. मे २०२४ मध्ये रफाहकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत अशा अर्थाचे एक चित्र इन्स्टाग्रामवर चार कोटींहून अधिक वेळा पुढे पाठवले गेले. तंबूंच्या सरळ रांगा, त्यांतून उमटलेली इंग्रजी अक्षरे, मागे बर्फाच्छादित डोंगर. ते यंत्राने बनवलेले होते. माझ्या ओळखीच्या जवळपास प्रत्येकाने ते लावले. हेतू नेक होता. पण रफाहचे ते रूप नव्हते. खऱ्या रफाहची छायाचित्रे काढणारे पत्रकार त्याच दिवसांत मारले जात होते. त्या युद्धात प्राण गमावलेल्या पत्रकारांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. ज्या माणसाने जीव धोक्यात घालून जखमी मुलाचा फोटो काढला त्याचा फोटो आपल्याला पाहवत नाही म्हणून आपण नीटनेटके, रक्त नसलेले चित्र निवडले. आणि उद्या कोणी आपल्या खऱ्या फोटोंनाही 'हेही यंत्राचेच' म्हणाला तर त्याला उत्तर देताना आपली बाजू आपणच कमकुवत केलेली असेल. नेक हेतूने रचलेल्या वचनांबाबत आपले बुजुर्ग इतके कडक का होते, ते मला त्या आठवड्यात नीट समजले.

नव्या यंत्राला दार बंद करा असे माझे म्हणणे नाही. भद्रावतीसारख्या ठिकाणी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी बातमी उर्दूत आणि उर्दू बातमी मराठीत काही क्षणांत वाचता येते, याचे मोल मी जाणतो. शिळाछापावरच्या जुन्या उर्दू अखबारांचा मजकूर यंत्राला वाचता आला, तर मराठीतल्या संशोधकांना एक मोठे दालन उघडेल. तालुक्याच्या वार्ताहराला चार तासांची ध्वनिमुद्रित ग्रामसभा लिहून काढायला यंत्राची मदत झाली तर बिघडले कुठे? अट एकच: ग्रामसभेला तो स्वतः बसलेला असावा.

खरे-खोटे ठरवण्याचे काम सरकारकडे द्यावे असाही एक मार्ग सुचवला गेला होता. केंद्राने २०२३ मध्ये आपल्याविषयीच्या मजकुराची तपासणी करणारा स्वतःचाच विभाग नियमांत आणला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. हे बरे झाले. ज्याच्याविषयी बातमी आहे त्यालाच तिचा परीक्षक नेमता येत नाही. फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी यंत्रनिर्मित चित्र-आवाजावर तशी पाटी लावणे आणि आत ओळखीची कायमची खूण ठेवणे समाजमाध्यमांवर बंधनकारक केले आहे. आदेश आल्यावर मजकूर हटवण्याची मुदत तीन तासांवर आणली आहे. या खुणेवरून मजकूर कोणत्या यंत्रातून निघाला ते कळेल. तो कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून बनवला, त्या माणसाचे नाव पाटीवर येणार नाही.

नावाच्या बाबतीत आपली छापील पत्रेही अगदी निर्दोष नाहीत. भद्रावतीची बातमी जिल्ह्याच्या पानावर येते तेव्हा तिच्यावर बहुधा 'तालुका प्रतिनिधी' एवढेच असते. हा प्रतिनिधी मोटारसायकलवर घटनास्थळी जातो, पंचनामा होईपर्यंत उन्हात थांबतो, वनरक्षकाला विचारतो, मृताच्या घरी जाऊन नाव आणि वय विचारून येतो. पगार म्हणावा असे त्याला क्वचितच काही मिळते. दिवाळीच्या जाहिराती जमवल्या तर त्यांवर कमिशन मिळते, आणि त्या जाहिराती ज्यांच्याकडून आणायच्या त्यांच्याविषयी लिहायचे कसे ही त्याची रोजची अडचण असते. साखळीतली पहिली कडी तो आहे आणि सर्वांत कच्ची ठेवली आहे तीही तीच. मुंबईतल्या स्तंभलेखकाचा फोटो छापला जातो, वाघाने मारलेल्या बाईच्या घरी जाऊन आलेल्या माणसाचे नाव छापले जात नाही. मराठी आणि उर्दू दैनिकांनी तालुक्याच्या प्रत्येक बातमीवर तो कोण होता ते छापावे, आणि मजकुरात कुठे यंत्राची मदत घेतली असेल तर तेही त्याच ओळीत लिहावे. १८६७ पासून शेवटच्या पानाच्या तळाशी तेवढी जागा मिळत आली आहे. बातमीच्या डोक्यावरही ती काढता येईल.